किल्ली हरवलेली कुलपं

संकेतलिपीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला गुप्त मजकूर वाचता येतो, इथवर सगळ्यांना पटतं. पण किल्ली नसलेला माणूस तो कसा वाचतो? लोखंडी कुलपावर निदान हातोडा तरी घालता येतो. कागदावरच्या निरर्थक अक्षरांवर घाव घालायचा तरी कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लंडन किंवा बगदादपासून सुरुवात करायची गरज नाही. डोंबिवलीच्या एखाद्या चाळीच्या गॅलरीतून सुरुवात केली तरी चालेल.

१. चलाम चूकभ चागलील

मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी 'च'ची भाषा बोललेली असते. शब्दाचं पहिलं व्यंजन काढून त्या जागी च बसवायचा आणि काढलेलं व्यंजन शब्दाच्या शेवटी ठेवायचं. 'मला भूक लागली' याचं होतं 'चलाम चूकभ चागलील'. दोन मैत्रिणी हे सराईतपणे बोलू लागल्या की शेजारी बसलेली आजी गोंधळून जाते. मुलींना तेवढंच हवं असतं.

या खेळात संकेतलिपीच्या शास्त्रातले तीन मूळ घटक आहेत. 'मला भूक लागली' हा मूळ मजकूर. 'चलाम चूकभ चागलील' हा सांकेतिक मजकूर. आणि दोघींनाच ठाऊक असलेला नियम. पुढे या नियमाचे दोन भाग पडतील, पद्धत आणि किल्ली. शेवटी त्याच फरकावर सगळं येऊन ठेपणार आहे.

आता आजीच्या बाजूने पाहू. तिला नियम माहीत नाही. पण पाच मिनिटं कान देऊन ऐकलं तर तिच्या लक्षात येतं की प्रत्येक शब्द च-नेच सुरू होतोय. कुठल्याही भाषेत असं घडत नाही. म्हणजे हा च बाहेरून आणलेला आहे. तो काढून टाकला की उरतं '-लाम', '-ूकभ', '-ागलील'. शेवटचं अक्षर पुढे आणून बघायचं सुचायला मग फारसा वेळ लागत नाही. आजीने कुलूप फोडलेलं नाही. तिने फक्त पाहिलं की एक अक्षर गरजेपेक्षा जास्त वेळा येतंय. जगातल्या मोठमोठ्या संकेतलिप्या ज्या युक्तीने उलगडल्या, ती हीच.

२. 'एन' म्हणजे कसारा

पुढे जाण्याआधी एक गल्लत दूर करायला हवी. कल्याणहून लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक ईशान्येला कसाऱ्याकडे जातो, दुसरा आग्नेयेला कर्जतकडे. इंडिकेटरवर कसारा लोकलसाठी 'एन' झळकतो आणि कर्जत लोकलसाठी 'एस'. रोजच्या प्रवाशाला ते पाठ असतं. मुंबईत पहिल्यांदाच आलेला माणूस मात्र कितीही हुशार असला तरी 'एन' या एका अक्षरावर डोकं लढवून 'कसारा' काढू शकणार नाही. त्याला कुणीतरी सांगावंच लागेल.

याला संकेतशब्द म्हणायचं. एका अख्ख्या अर्थासाठी एक खूण ठरवलेली असते आणि खुणांचा तक्ता पाठ असावा लागतो. मुरबाडजवळ म्हसा गावची यात्रा तिथल्या गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. गुरांच्या बाजारांत उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवण्याची रीत जुनी आहे, तीही याच जातीची. भोवती माणसं उभी असतात, सौदा डोळ्यांसमोर होतो आणि आकडा दोघांपुरताच राहतो.

संकेतलिपीचं काम वेगळं. ती अर्थाला हात लावत नाही, अक्षरांवर काम करते. त्यामुळे तिच्यात कोणताही मजकूर घालता येतो, अगदी आधी कुणी न ठरवलेलाही. आणि अक्षरांवर काम करते म्हणूनच तिचा माग काढता येतो.

३. बोटांवरची वर्णमाला

मराठीत 'करपल्लवी' हा सुंदर शब्द आहे. हातांच्या खुणांनी बोलणं म्हणजे करपल्लवी. तिची एक जुनी रीत अशी: हात नागाच्या फण्यासारखा केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्रासारखा फिरवला की च-वर्ग, आणि पुढे ट, त, प, य, श यांच्यासाठी अशाच निरनिराळ्या मुद्रा. मुद्रेने वर्ग कळला की बोटं दाखवायची. दोन बोटं म्हणजे त्या वर्गातलं दुसरं अक्षर. मात्रेसाठी चुटक्या.

यात एक अक्षर दोन आकड्यांत मोडलं जातं, वर्गाचा क्रमांक आणि वर्गातली जागा. 'ठाणे' घ्या. ट-वर्ग तिसरा आणि ठ त्यातलं दुसरं, म्हणून तीन-दोन. ण त्याच वर्गातलं पाचवं, म्हणून तीन-पाच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने मशालींनी दूरवर निरोप पाठवण्याची एक पद्धत नोंदवून ठेवली. त्यात त्याने ग्रीक अक्षरं पाच ओळी आणि पाच रकान्यांच्या चौकटीत बसवली होती. जगभरच्या पुस्तकांत ही चौकट त्याच्या नावाने शिकवली जाते. तिथे चौकट मुद्दाम आखावी लागली. आपल्याकडे क ते म ही पंचवीस व्यंजनं मुळातच पाच गुणिले पाच अशी मांडलेली आहेत, आणि पहिलीतलं मूल ती तशीच म्हणतं. व्याकरणकारांनी ती मांडणी उच्चाराच्या जागेनुसार केली, गुप्ततेसाठी नव्हे. पण गुप्त बोलणाऱ्यांना ती आयती मिळाली.

४. अक्षराच्या बदल्यात अक्षर

अक्षरं लपवण्याचे मूळ मार्ग दोनच. अक्षरांच्या जागा बदला, नाहीतर अक्षरंच बदला.

जागा बदलण्याचं एक उदाहरण पुरे. 'उद्या सकाळी कल्याणला ये' हा निरोप एक अक्षर वर, एक अक्षर खाली असा दोन ओळींत लिहा. वरच्या ओळीत येतं उ, स, ळी, ल्या, ला. खालच्या ओळीत द्या, का, क, ण, ये. मग दोन्ही ओळी सलग लिहा: 'उसळील्याला द्याकाकणये'. उलगडणाऱ्याने निरोपाचे बरोबर दोन तुकडे केले आणि आलटून पालटून एकेक अक्षर उचललं की काम झालं.

अक्षरं बदलण्याचा मार्ग जास्त रंजक आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत 'म्लेच्छितविकल्प' नावाची कला आहे. ठरावीक माणसांनाच कळेल असं बोलण्या-लिहिण्याची ही कला. त्यावरच्या यशोधराच्या 'जयमंगला' टीकेत तिचे प्रकार दिले आहेत. त्यांतल्या 'मूलदेवीय' प्रकारात अक्षरांच्या जोड्या आहेत. त च्या जागी प आणि प च्या जागी त. तशाच न-म, च-ट, ख-ग, र-ष, ल-स, य-श या जोड्या. हा नियम वापरून 'मी येतो' लिहिलं तर 'नी शेपो' होतं. 'माल तयार' याचं 'नास पशाष' होतं. सोय अशी की उलगडताना वेगळा नियम लागत नाही, त्याच जोड्या पुन्हा लावल्या की मूळ मजकूर हजर. पण ज्या अक्षरांना जोडी नाही ती तशीच राहतात. 'डोंबिवली'चं फक्त 'डोंबिवसी' होतं, आणि ते तर कुणीही ओळखेल!

रोमचा जूलियस सीझर प्रत्येक अक्षर वर्णमालेत तीन घरं पुढे सरकवत असे. मराठीत एकच घर सरकवून पाहू. क चा ख, ल चा व, य चा र. 'ठाणे' होतं 'डाते', 'डोंबिवली' होते 'ढोंभिशवी'. दिसायला निरर्थक, पण फोडायला सोपं. क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजनं धरली तर सरकवण्याचे प्रकार तेहतीसच होतात. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर संध्याकाळच्या चहाआधी सगळे तपासून होतील.

मग सरकवायचं कशाला? कुठलंही अक्षर कुठल्याही अक्षराने बदलू, मनाला येईल तसा तक्ता करू. आता असे तक्ते किती होतील? चौतीस गुणिले तेहतीस गुणिले बत्तीस असं करत एकापर्यंत यायचं. उत्तर ३९ अंकी येतं. सेकंदाला एक कोटी तक्ते तपासणारं यंत्र विश्वाच्या जन्मापासून आजवर चालवलं असतं तरी त्या संख्येचा नखाएवढा भागही संपला नसता.

शेकडो वर्षं लोकांना वाटत होतं की हे कुलूप अभेद्य आहे. ते फोडायला एकही तक्ता तपासावा लागत नाही.

५. मामा, मामी आणि मोजणी

नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी नावाचा विद्वान होऊन गेला. गुप्त मजकूर उलगडण्यावरच्या त्याच्या ग्रंथात एक साधी गोष्ट लिहिलेली आहे. त्या भाषेतला भरपूर साधा मजकूर घ्या आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. मग गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. अक्षराचा वेश बदलतो, पण त्याची वारंवारता बदलत नाही.

मराठीत ही मोजणी करताना अक्षरांच्या जोडीला शब्दांच्या शेपट्या आणि वाक्यांचे शेवटही कामी येतात. एक निरोप घेऊ. यात व्यंजनं मनाला येईल तशी बदलली आहेत, स्वर आणि मात्रा तशाच ठेवल्या आहेत.

ढाढा फाग्घाटा आटे आझेब. ढाढी सट्घागटा आझे. ढाढा ढाढीटा आगाघटा खागाध आझेब.

तिन्ही वाक्यांचा शेवट 'आझे' किंवा 'आझेब'. मराठी वाक्यं कशाने संपतात? 'आहे' आणि 'आहेत'. म्हणजे झ हा ह आहे आणि ब हा त. पहिला दरवाजा उघडला.

आता शब्दांच्या शेपट्या. फाग्घाटा, सट्घागटा, ढाढीटा, आगाघटा. चार शब्द 'टा'वर संपतात. मराठीत शब्दाला असं वारंवार चिकटणारं काय? 'ला'. घराला, गावाला, करायला. ट म्हणजे ल धरला तर 'आटे' होतं 'आले'. जमलं.

'आगाघटा' आता 'आ-?ा-?-ला' असा दिसतो. 'आणायला' बसतं. ग म्हणजे ण, घ म्हणजे य. मग 'सट्घागटा' झाला '?ल्याणला'. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला इथे पुढचं अक्षर सांगावं लागत नाही. कल्याणला! स म्हणजे क.

राहिले ढाढा आणि ढाढी. एकच अक्षर दोनदा, एकदा काना आणि एकदा वेलांटी. काका-काकी किंवा मामा-मामी. पण क तर स ला देऊन झाला, म्हणून ते मामा-मामी. 'फाण्याला' म्हणजे ठाण्याला आणि 'खाणा-?' म्हणजे जाणार. पूर्ण निरोप असा: मामा ठाण्याला आले आहेत. मामी कल्याणला आहे. मामा मामीला आणायला जाणार आहेत.

३९ अंकी कुलूप पाच-सहा पायऱ्यांत उघडलं. यात एक सावधगिरीची गोष्टही दडलेली आहे. या निरोपात सर्वांत जास्त वेळा ढ येतो, आठ वेळा. केवळ मोजणीवर भिस्त ठेवणारा म्हणेल की हे मराठीतलं एखादं फार वापरातलं अक्षर असणार, र किंवा त. तो चुकेल. ढ जास्त आहे कारण निरोप मामा-मामींबद्दल आहे. मजकूर छोटा असला की मोजणी फसवते, मोठा असला की क्वचितच. म्हणून गुप्त पत्रं पकडणारे लोक एका पत्रावर समाधान मानत नसत, पत्रांचा गठ्ठा जमवत.

ज्या शब्दाचा अंदाज आधीच बांधता येतो, तो उलगडणाऱ्याचा सर्वांत मोठा मित्र. इथे 'आहे' होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या एनिग्मा यंत्राने केलेले संदेश उलगडताना इंग्रजांना त्यांच्या हवामानाच्या अहवालांचा असाच उपयोग झाला. त्या अहवालांत ठरावीक जागी ठरावीक शब्द येत, 'हवामान' हा शब्द तर येणारच.

मोडी लिपीबद्दलही इथे एक शब्द सांगायला हवा, कारण पुष्कळ लोक तिला गुप्तलिपी समजतात. मोडी गुप्त नव्हती. ती मराठी दफ्तराची रोजची, भरभर लिहायची लिपी होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवली जात असे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची ठिकठिकाणी गरज भासली. लिपी तीच होती, वाचणारे उरले नव्हते. मात्र तिच्या एका सवयीकडे लक्ष द्यावं. आधी पानभर शिरोरेघा ओढून घ्यायच्या आणि खाली अक्षरं सलग लिहीत जायची, शब्दांमध्ये जागा न सोडता. वरचा मामा-मामींचा निरोप असा सलग लिहिला असता तर 'आझे' आणि 'टा' नजरेत भरायला कितीतरी जास्त वेळ लागला असता. म्हणून जगभरच्या संकेतलेखकांनी पुढे शब्दांमधली मोकळी जागा काढून टाकली.

६. सहा शतकं बंद असलेली पोथी

मराठीतलं सर्वांत मोठं संकेतलिपीचं प्रकरण राजदरबारातलं नाही, रणांगणातलंही नाही. ते एका धर्मपंथाचं आहे, आणि त्याचा एक धागा थेट ठाण्यात येतो.

तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ स्थापला. त्यांनी उपदेश मराठीत केला. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' या ग्रंथात संकलित केल्या. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ मानला जातो. चक्रधरांनंतर पंथाच्या अनुयायांनी मराठीत ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले आणि मग ते सगळे सांकेतिक लिप्यांत बंद केले. चौदाव्या शतकात रवळोबास यांनी 'सकळ' लिपी तयार केली असं पंथात मानलं जातं, आणि पुढे तीच सर्वांत जास्त चालली. तिच्या जोडीला सुंदरी, अंक, शून्य, सुभद्रा, वज्र, कवीश्वरी अशा वीसहून अधिक लिप्या पंथाच्या शाखांनी घडवल्या. अंकलिपीत अक्षरांची जागा आकडे घेतात, हे तिच्या नावातच आहे. दीक्षा घेणाऱ्याला लिपी शिकवली जाई, बाहेरच्याला नाही.

हेतू काय होता? पवित्र शब्द अपात्र हातांत जाऊ नये, त्यात कुणी भर घालू नये, फेरफार करू नये. हा हेतू बऱ्याच अंशी सफल झाला. ज्ञानेश्वरीच्या काळाजवळची मराठी त्या पोथ्यांत जपली गेली. पंथ पंजाबात पोचला, तिथे त्याला जयकृष्णी पंथ म्हणू लागले, आणि घरी पंजाबी बोलणारे साधू मठात मराठी पोथ्या वाचू लागले.

पण या गुप्ततेची किंमतही मोठी होती. जे वाचता येत नाही त्याबद्दल लोक तर्क करतात, आणि तर्क सहसा वाईटच असतात. 'महानुभाव' या थोर शब्दाचं बोलीत 'मानभाव' झालं आणि 'मानभावी' म्हणजे वरून गोड, आतून लबाड, असा अर्थ मराठी कोशांत जाऊन बसला. या अन्यायाला इतर कारणंही होती. तरी पोथ्या उघड्या असत्या, लीळाचरित्रातलं साधं, करुणेने भरलेलं बोलणं लोकांनी वाचलं असतं, तर हा शब्द असा बदनाम झाला नसता. पंथाबाहेरच्या मराठी वाचकाचंही नुकसान झालं. आपल्या भाषेचं पहिलं गद्य जवळजवळ सहाशे वर्षं त्याच्या डोळ्यांआड राहिलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कुलूप उघडलं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. महानुभाव वाङ्मयाचा ध्यास घेतलेले दुसरे अभ्यासक ठाण्याचे, विनायक लक्ष्मण भावे. १८७१ साली जन्मलेल्या भाव्यांनी विशीतच, १८९३ मध्ये, ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं, मराठी पुस्तकं एका छताखाली जमावीत म्हणून. पुढे 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी साहित्याचा इतिहास लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की या इतिहासातलं एक मोठं दालन बंदच आहे. त्यांनी सांकेतिक लिप्यांतल्या पोथ्यांचा पाठपुरावा केला, आणि १९१९ च्या वाढवलेल्या आवृत्तीत महानुभावांना त्यांची जागा मिळाली. १९२४ मध्ये महानुभाव कवी आणि ग्रंथांची सूचीही त्यांनी काढली. मग यवतमाळचे य. खु. देशपांडे, लीळाचरित्र छापणारे ह. ना. नेने आणि पुढे वि. भि. कोलते यांनी हे काम वाढवत नेलं.

अशा पोथीत मागच्या भागातली युक्ती कुठे लागू पडेल, हे वाचकाने स्वतः ताडून पाहण्यासारखं आहे. धार्मिक पोथी ठरावीक वंदनाने सुरू होते. लीळाचरित्रात चक्रधरांना 'सर्वज्ञ' म्हटलं जातं आणि 'सर्वज्ञ म्हणाले' अशा अर्थाचे शब्द पानोपानी येतात. पानोपानी येणारी तीच चिन्हं तज्ज्ञ नजरेतून सुटत नाहीत. लपवलेल्या ग्रंथाला त्याची स्वतःची भक्तीच उघड करते.

७. मामा लपले

अक्षराच्या बदल्यात कायम तेच अक्षर, ही साध्या बदलीची खरी दुखरी नस. म्हणून सोळाव्या शतकात इटलीत एक नवी युक्ती निघाली. जोव्हान बत्तिस्ता बेल्लासो याने १५५३ मध्ये ती छापली, पण नाव मात्र व्हिजनेर या फ्रेंच माणसाचं लागलं. युक्ती अशी: किल्ली म्हणून आकड्यांची माळ घ्या, समजा ३-१-२. पहिलं अक्षर तीन घरं सरकवा, दुसरं एक, तिसरं दोन, चौथं पुन्हा तीन, असंच पुढे.

'मामा मामी' घ्या. म च्या पुढे य, र, ल येतात. पहिला म तीन घरं सरकून ल झाला, दुसरा एक घर सरकून य, तिसरा दोन घरं सरकून र, चौथा पुन्हा ल. झालं 'लाया राली'. चार म, त्यांचे तीन वेश. अल-किंदीची मोजणी इथे कोलमडते. फ्रेंच लोक या पद्धतीला 'न उलगडणारी' म्हणत आणि तीनशे वर्षं ते म्हणणं टिकलं.

मग तेही मोडलं. किल्ली लांबीला तीनच आहे, म्हणून ती पुन्हा पुन्हा फिरते. लांब पत्रात 'मामा' दहा वेळा आलं तर त्यांतल्या काही वेळी ते किल्लीच्या त्याच जागेवर पडणार आणि पुन्हा 'लाया'च दिसणार. दोन 'लाया'मधलं अंतर मोजा. समजा एकदा बारा अक्षरं आलं, एकदा एकवीस. दोघांना भागणारी संख्या तीन. म्हणजे किल्ली तीन आकड्यांची. आता प्रत्येक तिसरं अक्षर वेगळं काढा. तीन ढीग होतील आणि प्रत्येक ढिगातली अक्षरं सारखीच सरकलेली असतील. तीन साध्या सीझर-लिप्या, त्या तर चहाआधी सुटतात. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने १८५४ च्या सुमारास हे ओळखलं. फ्रीड्रिश कासिस्की या प्रशियन अधिकाऱ्याने १८६३ मध्ये ही रीत छापून जगापुढे ठेवली.

८. कुलूपवाला आणि किल्लीवाला

तारायंत्र आल्यावर संकेतलिपीची गरज वाढली. पत्र निदान पाकिटात बंद असतं. तार मात्र पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही कारकुनांच्या नजरेखालून जाते. त्या काळात, १८८३ मध्ये, ओग्युस्त केर्कहॉफ्स याने एक नियम मांडला. संकेताची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी गुपित सुरक्षित राहिलं पाहिजे. गुपित फक्त किल्लीत असावं.

बाजारातल्या कुलपाचंच पाहा. सातलिव्हरी कुलूप आतून कसं असतं हे प्रत्येक कुलूपवाल्याला ठाऊक असतं, दुकानात ते उघडून दाखवतातही. म्हणून कुणाच्या दाराचं कुलूप उघडत नाही, कारण त्या दाराची किल्ली वेगळी असते. 'च'च्या भाषेत किल्ली नाहीच, सगळं गुपित पद्धतीत आहे. एका मैत्रिणीने धाकट्या भावाला सांगितलं की भाषा मेली. मूलदेवीय जोड्यांचंही तेच. महानुभावांच्या प्रत्येक लिपीचंही तेच: सकळ लिपी एकदा उलगडली आणि सकळ लिपीतल्या साऱ्या पोथ्या एकदम बोलू लागल्या. यावेळी ते आपल्या भाग्याचं ठरलं.

आज फोनमधल्या संदेशांसाठी साधारणपणे वापरल्या जाणाऱ्या किल्लीच्या शक्यता ७८ अंकी भरतात. पण ३९ अंकी संख्येचं काय झालं ते आपण पाहिलं. आकड्याचा मोठेपणा एकटा पुरत नाही. आजच्या पद्धतींचं खरं बळ वेगळं आहे: मूळ निरोपाची ठेवण सांकेतिक निरोपात कुठेच उमटत नाही. 'आहे' कुठे होता, 'ला' किती वेळा आला, मामा किती वेळा आले, याचा मागमूसही उरत नाही. त्या पद्धती मात्र जगजाहीर आहेत, पुस्तकांत छापलेल्या आहेत, केर्कहॉफ्सने सांगितलं होतं अगदी तशाच.

या प्रकरणातली उदाहरणं कागदावर स्वतः सोडवून पाहावीत. मामा-मामींच्या निरोपाचं उत्तर झाकून तो पुन्हा उलगडून पाहावा. आणि एक कळकळीची विनंती. घराच्या माळ्यावर, देव्हाऱ्याच्या फडताळात, फडक्यात बांधलेली एखादी पोथी असेल आणि तिच्यातली अक्षरं ओळखीची वाटत नसतील, तर ती निरुपयोगी समजून नदीत सोडू नये. कदाचित ती मोडी असेल, कदाचित सकळ असेल. ती जाणत्या वाचकाला दाखवावी, जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागात विचारावं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आजही उघडं आहे.